त्या फोटोतला लॅपटॉप बंद होता
(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजन समितीनं मला जो विषय दिला तो पत्रिकेत छापलाय: ‘परदेशातील माझे सेवाकार्य’. दोन महिन्यांपूर्वी ग्रुपवर एकानं माझा जुना फोटो टाकला. नेपाळमधला, २०१६ चा. पत्र्याच्या शाळेसमोर मी बसले आहे, मांडीवर लॅपटॉप, भोवती पंधरा-वीस मुलं, सगळ्यांची डोकी स्क्रीनवर वाकलेली. त्याखाली तुम्ही काय काय लिहिलंत ते मी सगळं वाचलं. ‘आपल्या बॅचची शान’, ‘मॅडम, सलाम’. आणि लगेच ठरलं की हिला बोलायला लावायचं.

मी दोनदा नाही म्हटलं. तिसऱ्यांदा आपल्या मराठीच्या बाईंचा फोन आला. आता बाईंना नाही म्हणायची सवय मला अजून लागलेली नाही. पण त्यांना मी फोनवरच सांगितलं होतं की बोलेन, पण खरं बोलेन. तर पहिली खरी गोष्ट ही की त्या फोटोतला लॅपटॉप बंद आहे. बॅटरी आदल्या दिवशीच संपली होती. गावात दोन दिवस वीज नव्हती. फोटो काढणाऱ्यानं मुलांना सांगितलं, स्क्रीनकडं बघा. मुलांनी बघितलं. त्यांना सवय होती.

नेपाळचा भूकंप २५ एप्रिल २०१५ ला झाला. शनिवार होता. नेपाळमध्ये शनिवारी सुट्टी असते, रविवारी शाळा भरते. दुपारी बाराच्या आत-बाहेर जमीन हलली तेव्हा हजारो शाळा कोसळल्या, पण वर्ग रिकामे होते. तरी सगळे मिळून सुमारे नऊ हजार माणसं गेली. मी पुण्यात घरी होते. टीव्हीवर दगडमातीच्या भिंती, त्यावर पडलेली लाकडं आणि ढिगाऱ्यावर बसलेली बाई बघितली, आणि माझं घर, माझी नोकरी सगळं बाजूला पडून मी सातवीत जाऊन बसले.

तुम्हीही आत्ता तिथंच गेला असाल. ३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी गणपती विसर्जन. मिरवणुका बघून आपण उशिरा झोपलो होतो. पहाटे चारच्या सुमाराला पत्रे वाजले, भांडी पडली, आणि सगळी गल्ली रस्त्यावर. लातूर शहराचं त्या मानानं फार काही गेलं नाही. उजाडल्यावर किल्लारीची बातमी आली. सास्तूर, मंगरूळ, तळणी, एकेक नाव यायला लागलं. दगडामातीच्या जाड भिंती आणि वर मातीचं जड माळवद, उन्हाळ्यात गार राहणारी घरं, तीच झोपलेल्या माणसांच्या अंगावर आली. सरकारी आकडाच सुमारे आठ हजारांचा आहे. आपल्या शाळेच्या मैदानात लोक कित्येक रात्री झोपत होते. शाळेनं घरोघरच्या भाकरी मागवल्या होत्या, आठवतं? प्रत्येकीनं दहा भाकरी आणि कोरडी चटणी, जुन्या धोतरात बांधून. चित्रकलेच्या सरांनी ते गठ्ठे ट्रकमध्ये मोजून चढवले होते. मुलींना ट्रकबरोबर जाऊ दिलं नाही म्हणून आम्ही रुसलो होतो.

माझी आत्या औसा तालुक्यात दिलेली. तिचं घर पडलं. ती, फुफाजी आणि एक मुलगा वाचले, सासूबाई गेल्या. दिवाळीच्या सुट्टीत बाबा मला घेऊन गेले तेव्हा ती पत्र्याच्या शेडमध्ये राहत होती. शेडच्या मागं कपड्यांचा ढीग होता, माझ्या उंचीचा. देशभरातून आलेले कपडे. त्यात लोकरीचे कोट होते, बिनबाह्यांचे फ्रॉक होते, आणि एक टाचांचा बूट, फक्त डाव्या पायाचा. वरून पाऊस पडून गेला होता, त्याला वास येत होता. आत्या नऊवारी नेसणारी. तिनं त्यातली एक पॅन्ट कापून बैलाच्या झुलीला ठिगळ लावलं होतं.

त्या शेडमध्ये आम्ही बसलेलो असताना दोन शहरी मुलं आणि एक मुलगी आली. हातात फॉर्म. आत्याला विचारायला लागली, त्या रात्री काय झालं. आत्यानं सांगितलं, सासूबाईंचं सांगताना रडली. ती मुलगीही रडली. ते गेल्यावर आत्यानं डोळे पुसले आणि चुलीकडं वळत बाबांना म्हणाली, “दादा, रोज कुणी तर येतंय आन् तेच इचारतंय. आता मला रडू बी येईना. पर रडलं न्हाई तर त्यास्नी कसंतरीच वाटतंय, मग रडते.”

मला तेव्हा ते विनोदी वाटलं होतं. मी ते वर्गात येऊन सांगितलं होतं, काहींना आठवत असेल.

तर २०१५ च्या त्या बातम्या बघून मला वाटलं, आपण जायला पाहिजे. आपल्याकडं लोक आले होते, आता आपली पाळी. नांदेडला इंजिनिअरिंग झालं, पुण्यात बऱ्याच वर्षांची नोकरी, हातात कला आहे, पैसा आहे, मग नुसता चेक का द्यायचा? लगेच जमलं नाही. मुलगी लहान होती, प्रोजेक्ट चालू होतं. शेवटी मार्च २०१६ ची तीन आठवड्यांची रजा मिळाली. इंटरनेटवर एक लहानशी संस्था सापडली. तिचं नाव मी घेणार नाही. भूकंपग्रस्त गावातल्या शाळेत संगणक शिकवायला स्वयंसेवक हवेत, असं तिनं लिहिलं होतं. तीन आठवड्यांची फी साठ हजार रुपये. स्वयंसेवकानंच पैसे भरायचे, हे मला आधी विचित्र वाटलं. मग वाटलं, बरोबर आहे, हे पैसे शाळेलाच जाणार.

जायच्या आधी महिनाभर मी रात्री जागून एक सॉफ्टवेअर तयार केलं. शाळेच्या नोंदींचं. विद्यार्थ्याचं नाव, जन्मतारीख, इयत्ता, हजेरी, गुण, सगळं एका ठिकाणी, शेवटी गुणपत्रिका छापून मिळेल. ऑफिसातल्या दोघांनी तपासूनही दिलं. फार देखणं झालं होतं. हे मी आज अभिमानानं सांगत नाहीये, पण खोटंही सांगणार नाही, ते खरंच देखणं होतं.

गाव सिंधुपाल्चोक जिल्ह्यात. त्या भूकंपात सगळ्यात जास्त माणसं याच जिल्ह्यात गेली. काठमांडूहून बसनं निघालो तर पोचायला संध्याकाळ. आम्ही सहा जण होतो, बाकीचे पाच गोरे, मी एकटी सावळी. आणि मी भारतीय. याचा अर्थ मला काठमांडूच्या पहिल्याच चहाच्या टपरीवर कळला. आदल्या सप्टेंबरपासून फेब्रुवारीपर्यंत सीमेवरून येणारी डिझेल-गॅसची वाहतूक अडली होती. नेपाळी लोक त्याला भारताची नाकाबंदी म्हणत, आपलं सरकार ते नाकारत होतं. भूकंपानंतरचा पहिला हिवाळा लोकांनी गॅसशिवाय, लाकडं जाळून काढला होता. टपरीवाला मला म्हणाला, “इंडिया से? चूल्हे की चाय पियोगी ना?” हसत म्हणाला, पण म्हणाला.

शाळा पत्र्याची आणि बांबूची. जुनी इमारत उभी होती, पण भिंतीत हात जाईल एवढी भेग, आत जायला बंदी. एका शेडमध्ये प्लॅस्टिकच्या कागदाखाली आठ कॉम्प्युटर ठेवले होते. आधीच्या कुठल्यातरी तुकडीनं दिलेले. वीज दिवसातले कितीतरी तास नसायचीच, आणि यायची ती बहुतेक रात्री, शाळा बंद असताना. हेडसरांना मी विचारलं, हे चालतात का? ते म्हणाले, “चलते होंगे.”

मग मी माझं सॉफ्टवेअर दाखवलं. त्या दिवशी लॅपटॉप चार्ज होता. हेडसरांनी मन लावून बघितलं. मी म्हटलं, एखाद्या मुलाची माहिती सांगा, भरून दाखवते. त्यांनी एका मुलाचं नाव सांगितलं, जन्मसाल सांगितलं २०६२. मी भरलं. सॉफ्टवेअरनं वय दाखवलं, उणे सेहेचाळीस.

नेपाळमध्ये सरकारी कामकाज विक्रम संवतावर चालतं. आपण मार्च २०१६ म्हणत होतो तेव्हा तिथं २०७२ साल संपत आलं होतं. शाळेचा दाखला, हजेरी, परीक्षा, सगळं त्याच कॅलेंडरवर. मी म्हटलं ठीक आहे, यातून ते वजा करायचं, एका रात्रीचं काम. पण त्यांचे महिने दरवर्षी सारख्या दिवसांचे नसतात. कधी २९, कधी ३०, कधी ३१, काही तर ३२ दिवसांचे. कुठल्या वर्षी कुठला महिना किती दिवसांचा, याला साधं सूत्र नाही, प्रत्येक वर्षाचा तक्ताच लागतो. एखाद्या मुलीची जन्मतारीख ‘३२ असार’ असू शकते, आणि माझं देखणं सॉफ्टवेअर म्हणतं अशी तारीख अस्तित्वात नाही. इथं बसलेल्या आय.टी.वाल्यांना कळेल मी त्या क्षणी किती लहान झाले असेन. आपल्या घरातसुद्धा भिंतीवर पंचांग असतं, आई तिथी बघून उपास धरते. महिनाभरात मी एकदाही त्या संस्थेला किंवा शाळेला विचारलं नव्हतं की तुम्ही तारीख कशी लिहिता.

हेडसर मात्र म्हणाले, “बहुत अच्छा है, मिस. रख दीजिए.”

शिकवण्याचंही तेच झालं. नेपाळचं शालेय वर्ष चैत्रात संपतं आणि वैशाखात नवं सुरू होतं. म्हणजे मार्चचे आमचे तीन आठवडे हे नेमके वार्षिक परीक्षेच्या तोंडावरचे. दहावीची बोर्डाची परीक्षा दारात उभी. भूकंपामुळं आधीच बुडालेलं वर्ष, अभ्यासक्रम कसाबसा ओढत आणलेला, आणि त्या दिवसांत रोज दोन तास आमच्यासाठी सोडायचे, कारण आम्ही आलो होतो. आम्ही का आलो होतो तेव्हा? आम्हाला रजा तेव्हा मिळाली होती म्हणून. गणिताचे सर शेडच्या बाहेर उभे राहून आम्ही इंग्रजी गाणं म्हणून घेत होतो ते ऐकत होते. आपले बीजगणिताचे सर फेब्रुवारीत आपला पी.टी.चा तास मागून घ्यायचे, त्यांचा चेहरा मला आठवला. त्या गृहस्थांनी तासच काय, चकार शब्द मागितला नाही.

मुलं हुशार होती. पहिल्या दिवशी मी तोंड उघडायच्या आत त्यांनी इंग्रजीत एका सुरात विचारलं, तुमचं नाव काय, तुमचा देश कुठला, तुम्हाला नेपाळ आवडतो का. त्यांना हे पाठ होतं. दर महिन्या-दोन महिन्याला नवी मिस यायची, पुन्हा पहिल्यापासून नाव, देश, रंग, फळं. सहा महिन्यांत ती पोरं फळांच्या पुढं गेली नव्हती.

एक दहा-अकरा वर्षांची मुलगी होती. आमच्यातल्या एका बाईनं तिला भूकंपाबद्दल विचारलं. मुलीनं सांगायला सुरुवात केली. कुठं होते, काय आवाज आला, आजी कुठं सापडली. सांगताना एका जागी ती थांबली, खाली बघितलं, आणि मग पुढचं सांगितलं. ती बाई रडायला लागली. चार दिवसांनी दुसऱ्यानं विचारलं, तेव्हा मी जवळच होते. त्याच जागी ती थांबली. तेवढाच वेळ थांबली.

मी उठून शेडच्या मागं गेले. मला टाचांचा तो डाव्या पायाचा बूट दिसत होता.

त्याच आठवड्यात रात्री बाबांचा फोन लागला. लातूरला पाण्याच्या टाक्यांभोवती मारामाऱ्या होऊ नयेत म्हणून कलेक्टरांनी १४४ कलम लावलं होतं. मांजरा धरण कोरडं. आमच्या गल्लीत टँकर बारा-पंधरा दिवसांनी यायचा. तेव्हा सत्तरीला आलेले माझे बाबा पहाटे तीनला घागरी रांगेत लावून बसत होते. मला म्हणाले, “तू कशी हाईस? तिकडं पाणी हाय ना?” तिथं डोंगरातून चोवीस तास झरा वाहत होता. मी हो म्हटलं आणि मला पुढं बोलता येईना. पुढच्या महिन्यात, १२ एप्रिलला, मिरजेहून पहिली पाण्याची रेल्वे लातूरला आली, दहा टँकरवाघिणी, पाच लाख लिटर. ती तर सगळ्या देशानं बघितली. तुमच्यातले कितीतरी जण त्या दिवसांत इथं टँकरमागं पळत होते, आणि माझा नेपाळचा फोटो तेव्हाच फेसबुकवर लाईक मिळवत होता.

आता एक चांगली गोष्टही झाली, ती सांगते. ती बाईंसाठी आहे.

भूकंपानंतरच्या पावसाळ्यात शाळेचं जनरल रजिस्टर भिजलं होतं. पानं एकमेकांना चिकटलेली, शाई पसरलेली. हेडसर रोज संध्याकाळी ते नव्या वहीत उतरवून काढत बसायचे, कारण दाखला मागायला आलेल्या मुलाला द्यायचं काय? एका संध्याकाळी मी जवळ जाऊन बसले आणि भिजलेल्या पानावरचं एक नाव वाचून दाखवलं. ते बघतच राहिले. आमच्या सहा जणांत त्यांची लिपी वाचता येणारी मी एकटी होते. नेपाळीची लिपी देवनागरी, आपलीच. ते म्हणाले, “लिख भी लेती हैं?” मी म्हटलं, हो.

नऊ संध्याकाळी आम्ही ते रजिस्टर उतरवलं. डोक्याला बॅटरी बांधून. ते वाचायचे, मी लिहायची. तामाङ, तामाङ, लामा, तामाङ. बाई, तुम्ही आम्हाला ‘क ख ग घ ङ’ घोटून घेत होता तेव्हा मी विचारलं होतं, या ङ चा उपयोग काय, आणि तुम्ही म्हणाला होता, पडेल कधीतरी. तो माझ्या आयुष्यात त्या नऊ दिवसांत पडला. अर्ध्या गावाचं आडनाव त्यावर संपतं. माझं अक्षर बघून हेडसर म्हणाले, ये तो छापा हुआ लगता है. शुद्धलेखनाच्या वहीत तुम्ही लाल शाईनं जी पानं रद्द केलीत त्यांचे पैसे तिथं वसूल झाले.

मधेच एखाद्या नावावर ते बोट ठेवायचे आणि वाचायचे नाहीत. मी वाट बघायची. मग म्हणायचे, “ये भी लिखिए. शेरे में कुछ मत लिखिए.” मी लिहायची आणि शेऱ्याचा रकाना मोकळा सोडायची.

सातव्या-आठव्या संध्याकाळी, थोडी ओळख झाल्यावर, मी त्यांना विचारलं की आम्ही यावं असं तुम्हाला वाटत होतं का. त्यांनी पेनाचं टोपण लावलं, काढलं. म्हणाले, “मिस, परीक्षा के बाद आते तो अच्छा होता.” मग म्हणाले, गणिताला आणि विज्ञानाला एक कायमचा शिक्षक वर्षभर मिळाला असता तर बरं झालं असतं. मी म्हटलं, मग संस्थेला सांगितलं का नाही? म्हणाले, “उन्होंने पूछा था, कम्प्यूटर चाहिए? हमने कहा, चाहिए.” मग माझीच समजूत काढल्यासारखे म्हणाले, देणाऱ्याला नाही म्हटलं तर तो पुढच्या वेळी खालच्या गावाला जातो.

संस्थेच्या समन्वयकाला माझं ते रजिस्टर आवडलं नव्हतं. संध्याकाळी सांस्कृतिक कार्यक्रम असायचा, त्याला मी गैरहजर राहायची, आणि अंधारात लिहिण्याचे फोटो चांगले येत नाहीत. परत आल्यावर मी त्यांना विचारलं, माझ्या साठ हजारांतले शाळेला किती गेले. तीन मेल केले. तिसऱ्याला उत्तर आलं, त्यात अभिप्रायाचा फॉर्म होता, पाचपैकी किती तारे देता. मी बसून हिशोब मांडला. सहा जणांचं राहणं, जेवण, गाडी, काठमांडूतलं ऑफिस, वेबसाइट, दोन पगार. चोरी कुणी केली असेल असं मला आजही वाटत नाही. आमचे पैसे आमच्यावरच खर्च झाले होते. सहा जण तिथं नेऊन ठेवायला आणि परत आणायला ते लागलेच असते. हेडसरांच्या सांगण्याप्रमाणं त्या वर्षी शाळेला मिळाला तो फळ्याचा काळा रंग.

मे महिन्यात मी लातूरला आले, तेव्हा आत्याकडं गेले. ती आता नव्या गावात राहते. तुम्हाला ती बावन्न गावं माहीत आहेत, पूर्ण उठवून दुसरीकडं वसवलेली. जागतिक बँकेचं कर्ज, सरकारची यंत्रणा, कितीतरी संस्था. काम फार मोठं झालं, पक्की घरं झाली, हे नाकारणं कृतघ्नपणाचं होईल. जमीन नसलेल्याला अडीचशे चौरस फूट, मधल्याला साडेचारशे, मोठ्या जमीनदाराला साडेसातशे, असं मोजून दिलं. सरळ रेषेत रस्ते, शहरातल्या कॉलनीसारखे. आत्या दहा वर्षं म्हणायची, घर मजबूत हाय, पण जनावर कुठं बांधू? ओसरी नव्हती, परसात चूल मांडायला आडोसा नव्हता, भावकी एका टोकाला आणि ही दुसऱ्या टोकाला. शेवटी तिनं पुढं पत्र्याचं छप्पर ओढून घेतलं, गल्लीतल्या सगळ्यांनीच ओढलं. आज त्या कॉलनीत गेलात तर सरळ रेषा दिसत नाही.

आत्यानं विचारलं, “तिकडं जाऊन काय केलीस?”

मी म्हटलं, पोरांची नावं लिहिली.

“लिवायला बोलावलं व्हतं?”

“नाही, कॉम्प्युटर शिकवायला.”

“मग शिकवलीस का?”

“नाही.”

ती इतकी हसली की तिला ठसका लागला. मग मला म्हणाली, तुझं ते लेकरू एकटं ठेवून गेलतीस व्हय त्यासाठी.

आपल्याच भागातल्या बायकांचं एक उदाहरण मला नंतर कळलं, आणि ते आपल्यालाच फारसं माहीत नाही याचं वाईट वाटतं. किल्लारीनंतर घरदुरुस्तीच्या कामात स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेनं गावोगावच्या बायकांना सोबत घेतलं होतं. त्या बायका घरोघर जाऊन भिंत कशी बांधायची, सरकारी हप्ता कसा मिळवायचा, हे समजावून सांगायच्या. २६ जानेवारी २००१ ला कच्छमध्ये भूकंप झाला तेव्हा लातूर-उस्मानाबादच्या त्या बायका कच्छला गेल्या. ना गुजराती येत होती ना कुणाकडं पदवी होती. पण स्वतःचं घर पडून उभं केलेल्या बायका दुसऱ्या तशाच बायकांसमोर बसल्या. टाचांचे बूट त्यांनी नक्कीच नेले नसणार. मी मात्र इंजिनिअर असून एक डाव्या पायाचा बूट पेन ड्राइव्हमध्ये घालून नेपाळला घेऊन गेले होते, आणि माझी आत्या त्याच किल्लारीजवळच्या शेडमध्ये बसलेली असताना हे माझ्यासमोर घडलेलं होतं. सगळ्यात जास्त लाज मला याची वाटते. गोऱ्या पाच जणांना माहीत नव्हतं. मला माहीत होतं.

आता शेवटचा मुद्दा, आणि तो थोडा अवघड आहे, कारण मागं बॅनर लागलाय.

शाळेला स्मार्ट बोर्ड द्यायचा ही सूचना ग्रुपवर माझीच. तुम्ही सगळ्यांनी पंधरा दिवसांत दोन लाख दहा हजार जमवलेत, कुणी दुबईहून पाठवलेत, कुणी सोयाबीनचे पैसे आल्यावर दिलेत. हे भाषण लिहायला बसले आणि हाताला घाम आला. मी मुख्याध्यापक सरांना फोन केला. सर समोर बसलेत, त्यांची परवानगी घेऊनच सांगते. मी विचारलं, सर, स्मार्ट बोर्ड द्यायचा विचार आहे. सर म्हणाले, “आपण जे द्याल ते शाळा आनंदानं स्वीकारेल.”

शब्द वेगळे होते, भाषा वेगळी होती, पण मला ‘रख दीजिए’ हेच ऐकू आलं.

म्हणून काल संध्याकाळी मी शाळेत जाऊन आले. सेवक मामांनी मला कॉम्प्युटरची खोली उघडून दाखवली. आपल्या पुढच्या एका बॅचनं दिलेले बारा आहेत, तीन चालतात. त्या खोलीत पावसाळ्यात वरून गळतं, म्हणून एका कोपऱ्यात बादली ठेवलेली आहे, आणि आपला बोर्ड त्याच भिंतीवर लागणार होता. बोर्ड नकोच असंही असेल असं नाही. शिक्षकांना हवाही असेल. मला माहीत नाही, कारण आपण कुणी विचारलेलं नाही. ‘बोर्ड हवा का’ असं विचारलं की उत्तर हो असंच येतं, हे मी तुम्हाला आत्ताच सांगितलं.

तर बॅनर काढायची गरज नाही, फक्त त्यावरच्या ‘स्मार्ट बोर्ड’ या शब्दांवर रात्री कागद चिकटवू या. मी रजा दोन दिवस वाढवली आहे. मंगळवारी शाळा सुटल्यावर शिक्षक खोलीत बसायचं ठरलंय. मुख्याध्यापक सर, वर्गशिक्षक, सेवक मामा आणि दहावीतल्या दोन मुली. पैसे किती आहेत तेवढंच आपण सांगायचं आणि गप्प बसायचं. आपल्यापैकी कोण येतंय ते जेवताना मला सांगा, चार-पाच जण पुरे, फोटो काढणारा नको. आणि बोर्डवाल्याला मी ॲडव्हान्स दिलेला नाही. त्याच्याकडं तुमच्यातल्या बऱ्याच जणांचे नंबर आहेत, त्याचा फोन आला तर मंगळवारपर्यंत उचलू नका.